गाडीचं दार अडतं तेव्हा चूक कोणाची?

प्रश्न असा विचारला आहे: "एसी लोकलमध्ये लोक दार अडवून धरतात, बसमध्ये उतरायच्या दारातून चढतात, वंदे भारतमध्ये पोहोचवायला आलेली माणसं आतच अडकतात. आपल्या लोकांना दारं वापरायची शिस्त नाही, की दारंच नीट बनवलेली नाहीत?"

मी रेल्वेचे डबे आणि बसच्या आतल्या मांडणीवर बरीच वर्षं काम करतो आहे. माझं उत्तर स्पष्ट आहे: बहुतेक वेळा दोष दाराच्या रचनेचा असतो, आणि तो पुन्हा पुन्हा एकाच प्रकारचा असतो.

घराचं दार ज्याला उघडायचं असतं तोच उघडतो. सार्वजनिक गाडीचं दार चालवणारा माणूस वेगळा असतो आणि दारात उभा असलेला वेगळा. एसी लोकलमध्ये दाराचं बटण गाडीच्या टोकाला गार्डच्या हाताशी असतं, बसमध्ये ड्रायव्हरकडे. त्यामुळे दारासमोरच्या माणसाला काही गोष्टी दारानेच सांगाव्या लागतात. कोणत्या बाजूचं दार उघडणार? ते आपोआप उघडेल की मला काही करायचं आहे? आत्ता उघडेल का? आणि बंद कधी होईल? यातलं एकही उत्तर मिळालं नाही की माणूस अंदाजाने वागतो. शेकडो माणसांनी वेगवेगळे अंदाज बांधले की बाहेरून ते बेशिस्तीसारखं दिसतं.

हा दोष फक्त आपल्याकडचा नाही. ब्रिटनचं उदाहरण आमच्या क्षेत्रात हमखास दिलं जातं. तिथे १९७० च्या दशकात ताशी २०० किलोमीटरने धावणारी नवी गाडी आली, पण तिच्या डब्यांना हाताने आपटून लावायची दारंच राहिली. आतून दाराला मूठ नव्हती. उतरायचं असेल तर दारातली काच खाली करायची, हात बाहेर काढायचा आणि बाहेरची मूठ फिरवायची. नवखा प्रवासी दाराच्या आतल्या बाजूने मूठ शोधत राही आणि तेवढ्यात गाडी सुटे. यामागचा विचार मात्र वाईट नव्हता: आत मूठ असली तर चालत्या गाडीत कुणी ती चुकून फिरवेल. पण या उपायामुळे प्रत्येक दाराला उघडणारी मोठी खिडकी ठेवणं भाग पडलं. पुढे नव्वदच्या दशकात गार्डच्या ताब्यातलं कुलूप सगळ्या दारांना एकदम बसवलं गेलं. चालत्या गाडीत दार उघडण्याचा धोका त्याने मिटला, खिडकी मात्र तशीच राहिली. डिसेंबर २०१८ मध्ये बाथ शहराजवळ अशाच दाराच्या खिडकीतून बाहेर डोकावलेल्या एका तरुणीला झाडाची फांदी लागली आणि तिचा जीव गेला. त्या दारांवर सूचना लिहिलेल्या होत्या. दार कसं उघडायचं हे वाक्य लिहून सांगावं लागतं, तिथे रचना आधीच फसलेली असते, असं मी माझ्याबरोबर काम करणाऱ्या नव्या मुलांना पहिल्या आठवड्यातच सांगतो.

लंडनच्या भुयारी रेल्वेत निराळा घोटाळा झाला. १९८० पासून तिथल्या काही गाड्यांना प्रवाशांनी दाबायची बटणं आली. हिवाळ्यात रिकाम्या स्टेशनवर सगळी दारं उघडून गारठा आत घ्यायचा नाही, हा हेतू. नंतर लक्षात आलं की गर्दीच्या मार्गावर ड्रायव्हरनेच सगळी दारं एकदम उघडली तर गाडी लवकर सुटते. बटणांचा वापर बंद झाला, पण बटणं गाडीवर बरीच वर्षं तशीच होती. लोक ती दाबत, दार उघडे, आणि आपण दाबलं म्हणून उघडलं असं त्यांना वाटे. मला हा प्रकार बंद पडलेल्या बटणापेक्षा जास्त घातक वाटतो, कारण त्यातून माणूस चुकीचं शिकतो. २०२२ मध्ये सुरू झालेल्या तिथल्या एलिझाबेथ लाइनवर बटणं परत आली आहेत. शहराच्या मध्यभागातल्या बोगद्यात दारं आपोआप उघडतात आणि बाहेरच्या भागात बटण दाबावं लागतं. बटणाभोवतीचा दिवा लागला तरच ते चालतं. एवढ्या एका दिव्याने "आत्ता उघडेल का" या प्रश्नाचं उत्तर मिळतं. बहिऱ्या माणसाला आणि भाषा न येणाऱ्यालाही ते कळतं.

आता मुंबई. पहिली एसी लोकल २५ डिसेंबर २०१७ ला पश्चिम रेल्वेवर धावली. त्याआधी मुंबईकराला लोकलचं बंद दार हा प्रकारच माहीत नव्हता. उघड्या दाराची लोकल माणसाला काय शिकवते ते पाहा. गाडी पूर्ण थांबायच्या आतच उतरायला सुरुवात होते. गाडी हलल्यावरही दोन पावलं धावून चढता येतं. दाराचा मालक दारातला माणूसच असतो. एसी लोकलमध्ये हे सगळं उलटं होतं, आणि दोन्ही प्रकारच्या गाड्या त्याच फलाटावर एकामागोमाग येतात. अंगवळणी पडलेली सवय गाडीगणिक बदलत नाही.

एसी लोकलची सगळी दारं लागल्याशिवाय गाडी सुटत नाही. सुरक्षिततेसाठी ते योग्यच आहे. पण दारात बॅग अडकवून उभ्या असलेल्या माणसाला, आपल्या एका दारामुळे अडीचशे मीटरच्या आसपास लांबीची अख्खी गाडी आणि तिच्या मागच्या गाड्या खोळंबल्या आहेत, हे कुठे दिसतं? त्याला एवढंच दिसतं की अजून थोडं रेटलं तर आत जाता येईल. ही एसी गेली तर पुढची एसी कधी, हेही त्याच्या डोक्यात असतं. पास एसीचा काढलेला, आणि मधल्या साध्या गाड्यांत शिरणं तेवढंच अवघड. दार अडवण्यामागे वेळापत्रकाचा वाटा मोठा आहे. दोन एसी गाड्यांमधलं अंतर कमी केल्याशिवाय दाराच्या रचनेत कितीही सुधारणा केली तरी ती अपुरीच पडेल, हे मला मान्य आहे. तरी रचनेकडून काही गोष्टी मागता येतातच. दार बंद व्हायला लागण्याआधीचा इशारा फलाटावरून धावत येणाऱ्याला दुरून दिसला पाहिजे. त्यासाठी दाराच्या वर बाहेरच्या बाजूला ठळक दिवा हवा. जे दार अडलं आहे, नेमक्या त्याच दाराचा दिवा आणि आवाज वेगळा हवा, म्हणजे आजूबाजूचेच लोक त्याला सांगतील, "अहो, आत या नाहीतर खाली उतरा, तुमच्यामुळे थांबलीये."

याच शहरात मेट्रो ३ वर काय होतं ते पाहा. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिचा पहिला टप्पा सुरू झाला. तिथे फलाटाच्या कडेला काचेची सरकती दारं आहेत, म्हणून गाडीचं दार दर वेळी त्याच जागी येतं. कुठे उभं राहायचं ते गाडी यायच्या आधीच माहीत असतं. उतरणाऱ्यांना मधे वाट सोडून लोक दोन्ही बाजूंना उभे राहतात. हे तेच मुंबईकर आहेत, ज्यांच्या शिस्तीबद्दल प्रश्नात शंका घेतली आहे. गर्दी लोकलपेक्षा कमी आहे हे खरं, पण लोक रांगेत राहतात ते जागा आधी कळते म्हणून. लोकलच्या फलाटावर दार नेमकं कुठे येईल हे रोजचा प्रवासी खांब, स्टॉल, पत्र्याची कड अशा खुणांवरून ओळखतो. नवखा गाडी आल्यावर धावतो.

साध्या लोकलच्या दारातल्या मधल्या खांबाबद्दल बरेच जण विचारतात, म्हणून ते इथेच सांगतो. खांबामुळे दाराचे दोन भाग होतात. एका बाजूने चढावं आणि दुसऱ्या बाजूने उतरावं, अशी त्याची कल्पना केली जाते, पण गर्दीच्या वेळी दोन्ही बाजू आधी उतरणाऱ्यांच्या आणि मग चढणाऱ्यांच्या असतात. पाठीवर बॅग आणि हातात मूल असेल तर त्या अर्ध्या फटीतून जाणं फार कठीण. तरीही तो खांब काढा असं मी आज म्हणणार नाही. दार उघडं आहे तोवर लोक दारात उभे राहणार आणि त्यांना धरायला काहीतरी लागणार. दारं बंद होतील त्या दिवशी मात्र खांब दाराच्या रेषेतून काढून आत सरकवायला हवा.

दारं बंद करायची चर्चा ९ जून २०२५ च्या मुंब्र्याच्या अपघातानंतर पुन्हा पेटली. वळणावर एकमेकींजवळून जाणाऱ्या दोन लोकलच्या दारांत लटकलेले प्रवासी खाली पडले आणि त्यांतल्या काहींचा जीव गेला. त्यानंतर रेल्वेने साध्या लोकललाही आपोआप बंद होणारी दारं लावायचं जाहीर केलं. त्या दारांना हवेसाठी झडपा, छतावरून हवा खेळवण्याची सोय आणि एका डब्यातून दुसऱ्या डब्यात जाता येईल असा जोड, अशी ती योजना आहे. दिशा बरोबर आहे. आजवर साध्या लोकलची दारं बंद न करण्याचं खरं कारण हवा हेच होतं. खचाखच भरलेल्या डब्यात दार बंद केलं तर घुसमट होते, म्हणून आधी हवेची सोय आणि मग दार, हा क्रम योग्य आहे. डब्यांच्या जोडाचाही मोठा फायदा होईल, कारण एका दाराशी कोंडलेली गर्दी आतून पसरू शकेल.

या चर्चेत एक हिशोब कोणी मांडताना मला दिसत नाही. उघड्या दारातून उतरणं गाडी थांबायच्या आधी सुरू होतं. बंद दार मात्र गाडी पूर्ण थांबल्यावरच उघडणार, आणि शेवटचा माणूस चढल्यावर ते पूर्ण लागल्याशिवाय गाडी हलणार नाही. दर थांब्याला १५ सेकंद जादा धरले, तर २५ थांब्यांच्या धीम्या लोकलला सहा मिनिटांहून जास्त वेळ लागेल. दर तीन-चार मिनिटांनी गाडी सोडायची असेल तर ही सहा मिनिटं कुठून आणायची? ती वेळापत्रकात आधीच धरली नाहीत, तर गार्डवर दार लवकर लावायचा दबाव येईल, प्रवासी दार अडवतील आणि दोष पुन्हा प्रवाशाला मिळेल.

दादरला किंवा ठाण्याला फलाट कोणत्या बाजूला येणार हे लोकलमध्ये शेजाऱ्याला विचारावं लागतं. मेट्रोत दरवाजे कोणत्या बाजूला उघडतील याची घोषणा होते. लोकलमध्येही ती व्हायला हवी, आणि उघडणाऱ्या बाजूच्या दारावर दिवाही लागायला हवा. गर्दीत चुकीच्या दाराशी उभा राहिलेला माणूस उतरूच शकत नाही, मग तो पुढच्या वेळी दोन स्टेशनं आधीच दारात येऊन उभा राहतो. दारातली गर्दी वाढायला हेही एक कारण आहे.

लांब पल्ल्याच्या गाड्यांचं दार हाताने लावायचं असतं आणि रात्री आतले प्रवासी त्याला कडी लावून झोपतात. चोरीची भीती असते, त्यांचंही चुकत नाही. पण मनमाडला किंवा भुसावळला पहाटे दोनला आरक्षणाचं तिकीट घेऊन उभ्या असलेल्या कुटुंबाला बाहेरून काय कळतं? मूठ फिरते, दार हलत नाही. आतून कडी आहे, दार अडकलं आहे की त्या बाजूला कुलूप आहे? मग दारावर थापा, पुढच्या डब्याकडे धावाधाव, आणि ती अरुंद उभी पायरी सामान घेऊन घाईत चढणं. कडी लागली की बाहेरच्या मुठीजवळ लाल खूण दिसेल, एवढी सोय विमानातल्या स्वच्छतागृहाच्या दाराला असते. रेल्वेच्या दाराला ती करायला फार खर्च येणार नाही.

वंदे भारतची दारं या सगळ्यांत कितीतरी पुढची आहेत. फेब्रुवारी २०१९ मध्ये पहिली गाडी आली तेव्हा दाराखालची बाहेर सरकणारी पायरी मला सगळ्यात जास्त आवडली, कारण फलाट आणि डबा यांच्यातली फट तिने भरून निघते. अडचण झाली ती आपल्या एका चांगल्या रिवाजामुळे. आई-वडिलांना बसवून द्यायला मुलगा आत जातो, सामान वर ठेवतो, गाडी हलायला लागली की उतरतो. जुन्या गाडीत हे चालायचं. जानेवारी २०२३ मध्ये राजमहेंद्रीला एक जण सेल्फी काढायला वंदे भारतमध्ये चढला, दार लागलं आणि त्याला थेट विजयवाड्याला उतरावं लागलं. त्याची चित्रफीत फिरली, लोक हसले. मला त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. "सोडायला आलेल्यांनी चढू नये" ही घोषणा पुरेशी नाही, कारण वयस्कर माणसाचं सामान वर कोणीतरी ठेवायलाच हवं. दार लागायला किती वेळ उरला आहे हे आत आसनाजवळ उभ्या असलेल्या माणसाला दिसलं, तर तो वेळेत उतरेल. दाराच्या वर सेकंद मोजणारा आकडा आतून आणि बाहेरून दाखवणं आज सहज शक्य आहे.

बसचं दार म्हणजे फक्त दाराची पाखं नाहीत, त्याखालची पायरी त्यातच धरायला हवी. केंद्र सरकारच्या शहरी बसच्या मानकांत बसच्या आतल्या तळाची रस्त्यापासूनची उंची ४००, ६५० आणि ९०० मिलिमीटर असे तीन प्रकार आहेत. ९०० वाल्या बसला पायऱ्या आल्याच. गुडघे दुखणाऱ्या आजींना, साडी सावरत एका हातात पिशवी धरलेल्या बाईंना पहिली पायरीच जड जाते, त्यात बस कडेला न लावता रस्त्याच्या मधे उभी केली की पायरी आणखी उंच होते. काही बसमध्ये धरायचा दांडा दाराच्या पाख्यावरच बसवलेला असतो. दार हललं की दांडाही हलतो. आधारासाठी धरलेली वस्तू हातातून सरकणं म्हाताऱ्या माणसासाठी किती भीतीचं असतं, हे रचना करणाऱ्याने स्वतः दोन्ही हातांत पिशव्या घेऊन एकदा तरी अनुभवावं. आतल्या बाजूला दुमडणारं दार तर पायरीवर उभ्या असलेल्या माणसाला ढकलतंच.

"मागून चढा, पुढून उतरा" हे आपण लहानपणापासून वाचत आलो. काही ठिकाणी नव्या तिकीट पद्धतीमुळे हा क्रम बदलला आहे. एकाच शहरात, एकाच थांब्यावर एका बसला पुढून चढायचं आणि दुसरीला मागून, असं झालं की लोक उघडं दिसेल त्या दाराने चढतात, आणि त्यात त्यांचा दोष नाही. पुण्याच्या बीआरटीत, म्हणजे फक्त बससाठी राखलेल्या मार्गिकेत, आणखी एक गुंता आहे. मार्गिकेत थांबा रस्त्याच्या मधे असतो, म्हणून उजवीकडचं दार उघडतं. बस मार्गिकेबाहेर पडली की तीच बस डावीकडच्या पायऱ्यांच्या दाराने माणसं उतरवते. आत उभ्या असलेल्याला पुढचा थांबा मार्गिकेतला आहे की बाहेरचा हे माहीत असेल तरच तो योग्य बाजूला सरकेल. ही माहिती गाडीने आधीच्या थांब्यापासून द्यायला हवी.

एसटीची घंटा मात्र मला आजही आदर्श वाटते. एक घंटा म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. कंडक्टर शेवटचा माणूस चढल्याचं डोळ्याने पाहतो, दोरी ओढतो, आणि डबल बेल ड्रायव्हरबरोबर सगळ्या गाडीला ऐकू येते. गाडी आता हलणार हे चढणाऱ्याला, उतरणाऱ्याला, मागच्या बाकावर झोपलेल्यालाही कळतं. ड्रायव्हरजवळच्या बटणाने चालणारं हवेच्या दाबाचं दार आलं आणि कंडक्टर गर्दीत मधे अडकला, की हा इशारा नाहीसा होतो. ड्रायव्हरला आरशात जेवढं दिसतं तेवढ्यावर दार लागतं. दार नवं घेताना डबल बेलचं काम पुढे कोण करणार, हे ठरवलंच जात नाही.

नियमांबद्दल थोडं. ब्रिटनमध्ये १९९८ साली अपंग प्रवाशांसाठी रेल्वे डब्यांचे जे नियम झाले, त्यात दार बंद व्हायला लागण्यापूर्वी निदान ३ सेकंद इशाऱ्याचा आवाज व्हावा आणि दाराचं बटण १५ न्यूटन, म्हणजे साधारण दीड किलो वजनाएवढ्या जोरात तळहाताने दाबता यावं, असं लिहिलं होतं. नियम अपंगांसाठी केले, पण उपयोग सामान घेतलेल्या, थकलेल्या, चष्मा विसरलेल्या प्रत्येकाला होतो. अशी मोजता येणारी अट खरेदीच्या निविदेत असेल तरच कारखाना ती पाळतो. "दार वापरायला सोपं असावं" असं लिहिलं तर तपासणार कसं?

तुम्ही प्रवासी म्हणून काय करू शकता, तर तक्रार नेमकी लिहा. "दार खराब आहे" एवढ्यावर कारवाई होत नाही, दुरुस्तीवाला येतो, दार उघडतं-लागतं हे बघतो आणि शेरा मारून जातो. गाडी आणि डब्याचा क्रमांक, कोणत्या बाजूचं कितवं दार, स्टेशन आणि वेळ लिहा. मग तुम्ही काय केलं, काय होईल असं तुम्हाला वाटलं आणि प्रत्यक्षात दाराने काय केलं, हे तीन वाक्यांत लिहा. यातलं मधलं वाक्य लोक गाळतात, आणि आम्हाला तेच सर्वात जास्त हवं असतं. एकाच दाराबद्दल दहा जणांनी "मला वाटलं ते आपोआप उघडेल" असं लिहिलं, तर पुढच्या खरेदीच्या बैठकीत तो कागद टेबलावर ठेवता येतो.